दुबईत राहून सोलापुरात जागा घ्यायची आणि बंगला बांधायचा आहे : काय काय तपासावं?

वाळवंटातून

नमस्कार मंडळी. मुक्काम दुबई, पासपोर्ट भारतीय. सोलापुरात जागा घेऊन दोन मजली बंगला बांधायचा आहे, बांधकाम साधारण २,२०० चौरस फूट. वडील सोलापुरातच असतात, पण वय ७१ आहे. त्यांना रोज उन्हात साइटवर उभं करायचं नाही.

दोन जागा समोर आहेत. एक विजापूर रोडच्या बाजूला, महापालिका हद्दीत, ४० बाय ६० चा प्लॉट. दुसरी हद्दीबाहेर अक्कलकोट रोडला, ११ गुंठे. ती 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकायला काढली आहे आणि दर निम्म्याहून कमी आहे. दुसरी घेता येईल का? माझ्या नावावर जमत नसेल तर वडिलांच्या नावावर? पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे? दोन्हीकडे माती काळी आहे, त्याचं काय करायचं? आणि आपण तिथं नसताना काम बरोबर चाललंय हे कळणार कसं?

शेंगाचटणी

दुसऱ्या जागेचा विचार आजच सोडा. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला फेमा (परकीय चलन) कायद्याखाली भारतात घर, प्लॉट, दुकान घेता येतं. शेतजमीन, मळे-बागायतीची मालमत्ता आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्कानं मिळाली तर ठेवता येते, पण खरेदी नाही. 'फार्महाऊस प्लॉट' असं जाहिरातीतच लिहिलंय म्हणजे उतारा शेतीचाच असणार. 'नंतर एनए (बिगरशेती) करून देतो' या शब्दावर पैसे देऊ नका. खरेदीच्या दिवशी जमीन काय आहे हे बघितलं जातं, नंतर ती काय होणार आहे हे नाही.

पैशाचं सोपं आहे. एनआरई (परदेशी कमाईच्या) किंवा एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यातून विक्रेत्याच्या खात्यात थेट आरटीजीएस करा, किंवा परदेशातून बँकेमार्फत पाठवा. दिरहमच्या नोटा आणून देणं चालत नाही. शक्य असेल तर सगळी रक्कम एनआरईतूनच जाऊ द्या आणि प्रत्येक व्यवहाराची बँकेची पावती जपा. पुढं कधी घर विकलं, तर परकीय चलनातून आलेली मूळ रक्कम परत बाहेर नेताना हीच कागदपत्रं लागतात. एनआरओतून भरलेल्या पैशाला एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरची मर्यादा लागते, शिवाय सीएचं प्रमाणपत्र.

'थोडे रोख द्या, खरेदीखतात कमी दाखवू' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख देवघेव आयकर कायद्याला मान्य नाही. वर जी रक्कम कागदावर नाही, ती विकताना तुमच्या खर्चात धरली जाणार नाही आणि तिच्यावर कर तुम्हीच भराल.

हिप्परगा

वडिलांच्या नावाच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३. वडिलांचं नाव कुठल्या तरी सातबाऱ्यावर असेल तर ते घेऊ शकतात, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पण त्याआधी ११ गुंठ्यांचाच प्रश्न आहे. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा विकता येत नाही) जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. ११ गुंठे जिरायत हा तुकडा झाला. काही विक्रेते विहिरीची नोंद दाखवून जमीन बागायत असल्याचं सांगतात. सातबाऱ्यावरची गेल्या काही वर्षांची पीकपाहणी बघा. नुसती तूर आणि ज्वारी दिसली, पाण्याचं साधन रिकामं दिसलं, की उत्तर मिळतं.

दुसरी बाजू बेनामीची. पैसे मुलाचे, नाव फक्त वडिलांचं आणि उपभोग मुलासाठी, अशी मांडणी बेनामी कायद्यात अडकू शकते. पत्नी किंवा अपत्याच्या एकट्या नावावर घेण्याला त्यात सूट आहे. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्या बाबतीत मात्र स्वतःचं नाव जोडीला संयुक्त मालक म्हणून असेल तरच सूट लागू होते. शेतजमिनीवर तुमचं नाव लागू शकत नाही, म्हणजे दार बंद. वडिलांना पैसे बक्षीस देऊन त्यांनी स्वतःसाठी घेतली तर ती खरोखर त्यांची होते. मग त्यांच्यानंतर सगळ्या वारसांची. भावंडं असतील तर हे आधी बोलून घ्यावं.

महापालिका हद्दीतला प्लॉट धरूनच पुढचं बोलू.

वाळवंटातून

हिप्परगा काका, शेंगाचटणी, मनापासून आभार. ११ गुंठ्यांचा विषय संपला. विजापूर रोडच्या प्लॉटच्या विक्रेत्यानं सातबारा आणि एनए ऑर्डरची झेरॉक्स पाठवली आहे. एवढं पुरेसं आहे का?

हिप्परगा

पुरेसं नाही. झेरॉक्सवर काहीच ठरवू नका. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर दुबईतून निघतो, तो स्वतः काढा. सिटी सर्व्हे झालेला भाग असेल तर मिळकत पत्रिका काढा. काही भागात दोन्ही चालू असतात आणि दोन्हींवरची नावं जुळत नाहीत. तसं दिसलं तर दुरुस्ती विक्रेत्यानं करून द्यायची, खरेदीच्या आधी.

सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, तो महसुलाचा कागद आहे. मालकी खरेदीखतांच्या साखळीतून दिसते. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या, प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक २ (नोंदणीचा गोषवारा) जोडून. उताऱ्यावरचा एकेक फेरफार (नाव-हक्क बदलाची नोंद) काढून वाचायला सांगा. 'वारस नोंद' असा फेरफार दिसला की त्यात बहिणींची नावं आहेत का ते बघा. सोलापूर भागात जुन्या वाटण्यांत बहिणींचं नाव गाळलेलं किंवा साध्या कागदावर हक्कसोड घेतलेलं पुष्कळ ठिकाणी सापडतं. हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल तर ते धरू नका.

भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे उताऱ्याच्या वरच्या भागातच लिहिलेलं असतं. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा, कुळ, इनाम-वतनाचा शेरा, भूसंपादनाची नोंद, सगळं बारकाईनं वाचा. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी बार्शी, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या तालुक्यांतून आहे. हद्दीबाहेर कुठंही जागा बघणाऱ्यानं हा रकाना दोनदा वाचावा.

आता एनए ऑर्डर. तिच्या बरोबर मंजूर रेखांकनाचा (लेआउटचा) नकाशा मागा आणि रेखांकन तात्पुरतं मंजूर आहे की अंतिम, हे त्यावरच्या शेऱ्यात बघा. तात्पुरत्या रेखांकनावर प्लॉट विकले जातात, अंतिम मंजुरी रस्ते-गटारं न केल्यामुळं अडकते, आणि मग बांधकाम परवाना मागायला गेलं की नगर रचना विभाग परत पाठवतो. मग नकाशावर तुमच्या प्लॉटचा नंबर शोधा. खुली जागा किंवा सुविधा क्षेत्र म्हणून ठेवलेल्या तुकड्याला नंतर नंबर देऊन विकल्याची प्रकरणं होतात. मूळ मंजूर प्रत नगर रचना विभागातून माहिती अधिकारात मिळते.

गुंठेवारीतला (मंजुरीविना तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर २००१ च्या कायद्याखालचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हवं. '२०२१ मध्ये मुदत वाढली, आता होऊन जाईल' हे प्रमाणपत्र नव्हे.

कडकभाकरी

यात एक भर. खरेदीआधी सरकारी मोजणी करा. भूमी अभिलेख कार्यालयाची, खासगी सर्व्हेअरची नाही. अर्ज ऑनलाइन होतो. मोजणीच्या दिवशी चारी बाजूंच्या लगतदारांना नोटीस जाते, हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि नंतर 'क' प्रत मिळते. ४० बाय ६० म्हणजे २,४०० चौरस फूट, सुमारे २२३ चौरस मीटर. 'क' प्रतीत २१५ निघाले तर ८ चौरस मीटरचे पैसे सोडायचे का, हे त्याच वेळी बोलता येतं. बांधकाम सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

शेंगाचटणी

मुखत्यारपत्राबद्दल कुणी बोललं नाही. खरेदीला स्वतः येता आलं तर उत्तम. नाहीतर वडिलांना विशेष (ठरावीक कामांपुरतं) मुखत्यारपत्र द्या, सर्वसाधारण नको. त्यात प्लॉटचा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. अधिकार मोजून लिहा: खरेदीखतावर सही, दुय्यम निबंधकासमोर हजर राहणं, फेरफार, बांधकाम परवाना, महावितरण आणि नळजोडणीचे अर्ज. विकणे, गहाण टाकणे, तिसऱ्याला अधिकार देणे हे नाही, असं स्पष्ट लिहा. मुदत टाका, १८ महिने पुरतात.

दुबईतून करताना भारतीय वाणिज्य दूतावासाचं साक्षांकन घ्या. कागद भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं दाखवून मुद्रांक शुल्क लावून घ्यायचं असतं. हे राहून जातं आणि दस्ताच्या दिवशी सगळे खोळंबतात. त्या दिवशी मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि देणारा हयात आहे, असं घोषणापत्रही लागतं.

विक्रेता स्वतः परदेशी राहणारा असेल तर टीडीएसचा (विक्रेत्याला पैसे देताना कापून भरायच्या कराचा) हिशेब पूर्ण बदलतो. विक्रेता भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर १ टक्का कापून भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर किंमत कितीही असो कापावाच लागतो, आणि दर खूप जास्त. कापला नाही तर जबाबदारी घेणाऱ्यावर येते. म्हणून 'मी या वर्षी भारतात निवासी आहे' असं विक्रेत्याकडून लेखी घ्या.

जुळे_सोलापूर

मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ६ टक्के धरा, नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. बायकोच्या नावावर घेतलं तर १ टक्का वाचतो ना?

हिप्परगा

घरावर वाचतो, मोकळ्या प्लॉटवर नाही. ती सवलत निवासी घटकाला आहे: सदनिका, रो हाऊस, बंगला.

वाळवंटातून

हे सगळं वकिलाला जसंच्या तसं पाठवतो. आता माती. प्लॉटवर उन्हाळ्यात भेगा दिसतात, हात जाईल एवढ्या. शेजारच्या दोन घरांच्या कंपाउंडला आडव्यातिरप्या चिरा आहेत.

काळीमाती

भेगा दिसल्या म्हणजे माती फुगणारी आहे हे नक्की. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर्षातून एकदा तुमचा पाया वर-खाली करते. घराच्या मध्याखालची माती ओलसर राहते, कडेची वाळते. म्हणून चिरा बहुतेक वेळा कोपऱ्यातून आणि खिडकीच्या कोनातून निघतात.

नकाशा काढायच्या आधी मातीची तपासणी करा. प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत आणि मध्ये असे तीन खड्डे, मुरूम लागेपर्यंत. प्रयोगशाळेकडून दोन आकडे मागा, भारक्षमता आणि मुक्त फुगवटा निर्देशांक (माती पाण्यात किती फुगते ते). तो ५० टक्क्यांच्या वर गेला की खाली सांगतो ते पर्याय नाहीत, गरज आहे.

सोलापुरात बहुतेक ठिकाणी काळ्या थराखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण आहे, पण खोली गल्लीगणिक बदलते. नाल्याच्या जवळ काळी माती ३ मीटरही असते, माळावर दोन फुटांत मुरूम. शेजाऱ्याचा पाया चार फुटांवर आहे म्हणून आपला चार फुटांवर, असं ठरवू नका.

काळा थर दीड-दोन मीटरपर्यंत असेल तर सगळा पार करून कडक मुरमात बसा. फूटिंगचा तळ मुरमात किमान ३०० मिमी आत जाऊ द्या. खाली १०० मिमीचा साधा काँक्रीटचा थर, त्यावर जाळी, ५० मिमीचे कव्हर ब्लॉक. उकरलेली काळी माती परत पायात भरायची नाही. गुत्तेदार नेमकं हेच करतो, कारण ती माती समोरच पडलेली असते आणि मुरूम विकत आणावा लागतो. करारात लिहा: भराव मुरमाचा, १५० ते २०० मिमीच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुमसलेला.

थर अडीच-तीन मीटरच्या पुढं असेल तर अंडर-रीम्ड पाइल. खांब ३०० मिमी व्यासाचा, खाली त्याच्या अडीच पट म्हणजे ७५० मिमीचा फुगा, खोली किमान साडेतीन मीटर. फुगा अशा पातळीला जातो जिथं ओल वर्षभर सारखी असते, त्यामुळं वरची माती फुगली तरी पाइल उचलला जात नाही. वर प्लिंथ बीम, आणि बीमच्या खाली मातीपासून ७५ ते ८० मिमी मोकळी पोकळी ठेवायची. ही पोकळी न ठेवल्यामुळंच पाइल केलेल्या घरांनाही चिरा जातात, माती बीमला खालून ढकलते.

घराभोवती एक ते दीड मीटर रुंद फरशी किंवा काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार. छपराचं पाणी या पट्ट्याच्या पलीकडं सोडा. बागेचा नळ भिंतीला लागून ठेवू नका. पिंपळ, वड, निलगिरी घराजवळ नको. ही झाडं एका बाजूची ओल ओढतात.

जुळे_सोलापूर

आणि शोषखड्डा. ड्रेनेज लाइन जवळ नसेल तर सेप्टिक टँक येतो, त्याचं पाणी शोषखड्ड्यात. काळ्या मातीत पाणी मुरतच नाही. खड्डा वर्षभरात तुंबतो आणि पाणी पायाकडं झिरपतं. शोषखड्डा मुरमापर्यंत न्या, घरापासून आणि बोअरपासून लांब. शक्य तिथं महापालिकेच्या ड्रेनेजची खात्री करूनच प्लॉट घ्या.

काळीमाती

बरोबर. आणि सखल जागांबद्दल एक वाक्य: सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं काठची गावं पाण्याखाली गेली. नदीकाठी किंवा ओढ्याकाठी जागा असेल तर पाटबंधारे विभागाची निळी आणि लाल पूररेषा बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

वाळवंटातून

मातीची तपासणी आधी, मग आर्किटेक्ट. समजलं. परवान्यात काय अडतं?

हिप्परगा

डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली सोलापूरलाही लागू आहे. मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१०, म्हणजे तुमच्या २,४०० चौरस फुटांच्या प्लॉटवर २,६४०. तुमचे २,२०० त्यात बसतात, अधिमूल्य (जादा बांधकामाचं शुल्क) भरायची गरज नाही. प्रस्ताव आर्किटेक्ट ऑनलाइन भरतो. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्या आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ते न घेता राहायला गेलेली घरं पुष्कळ आहेत. कर्ज काढताना आणि विकताना ती अडकतात.

होटगी रोड विमानतळाच्या आसपास उंचीची मर्यादा आहे. विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत नकाशा असतो, त्यात तुमचा प्लॉट कुठल्या पट्ट्यात येतो ते आर्किटेक्टला बघायला सांगा. २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी याच अडथळ्यापायी पाडली. दोन मजल्यांना सहसा अडचण येत नाही, पण जिना-टाकीची खोली धरून एकूण उंची काढा.

वाळवंटातून

आता मुख्य भीती. मी तिथं नसताना काम कसं तपासू?

कडकभाकरी

तीन माणसं वेगवेगळी ठेवा. नकाशा आणि आरसीसी डिझाइन करणारे, काम करणारा गुत्तेदार, आणि तपासणारा इंजिनिअर. तपासणारा गुत्तेदाराच्या ओळखीचा नको आणि त्याचे पैसे तुमच्याकडून थेट जावेत. त्याच्या सहीशिवाय पुढचा हप्ता नाही, हे करारात लिहा. वडिलांना या भांडणात उभं करू नका. गुत्तेदार घरी येऊन चहा पितो, अडचण सांगतो, आणि त्यांना नाही म्हणणं जड जातं. पैसे दुबईतूनच जाऊ देत.

हप्ते वेळेवर नव्हे, कामावर: जोतं पूर्ण १५ टक्के, पहिला स्लॅब २०, दुसरा स्लॅब २०, वीटकाम आणि गिलावा २०, फरशी-प्लंबिंग-वायरिंग १५, रंग आणि ताबा ५. उरलेले ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर. गळती पावसाळ्यातच कळते. उचल म्हणून एकदम मोठी रक्कम मागितली तर साहित्य तुम्ही थेट दुकानदाराला पैसे देऊन घ्या.

साहित्याचा अंदाज असा धरा: दर चौरस फुटाला सिमेंट ०.४ पोतं, सळई ४ किलो. २,२०० फुटांना सुमारे ८८० पोती आणि ८.८ टन. पाइल आले तर सळई वाढेल. गुत्तेदाराचा आकडा यापेक्षा फार वर किंवा फार खाली गेला तर कारण विचारा.

काळीमाती

सळई मोजायची सोपी रीत. व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिमीची सळई ०.८८८ किलो, १२ मीटरचा नग १०.६६ किलो. इंजिनिअरला साइटवर पाच नग वजन करून व्हिडिओ पाठवायला सांगा. हलकी सळई इथंच पकडली जाते.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप सोलापूरनं जाणला आहे. कॉलमच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळलेले हवेत, ९० अंशांत नाही. ९० चा हूक हादऱ्यात उघडतो. बीम-कॉलमच्या सांध्याजवळ रिंगा दाट, मध्ये विरळ. गवंड्याला हे कंटाळवाणं वाटतं, कारण रिंग वाकवायला जास्त वेळ लागतो. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक कॉलमच्या तळाचा आणि सांध्याचा फोटो, टेप धरून.

काँक्रीट एम-२५ ताकदीचं. प्रत्येक स्लॅबच्या वेळी १५० मिमीचे क्यूब भरा. एका नमुन्याला तीन क्यूब, १६ ते ३० घनमीटर काँक्रीट असेल तर तीन नमुने. २८ दिवसांनी दाबून अहवाल. क्यूब भरताना इंजिनिअर हजर हवा, नाहीतर क्यूबसाठी वेगळा चांगला माल कालवला जातो.

पाण्याकडं सगळे दुर्लक्ष करतात. सोलापुरात बोअरचं पाणी जड आणि खारं असतं. तेच काँक्रीटला वापरणार असाल तर आधी तपासा. आरसीसीला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, सल्फेट ४०० च्या आत, पीएच ६ च्या वर. क्लोराइड जास्त असेल तर सात-आठ वर्षांत सळई गंजून स्लॅबचे पापुद्रे पडायला लागतात, आणि तोवर गुत्तेदार कुठं असतो कुणास ठाऊक.

एप्रिल-मे मध्ये स्लॅब टाकायचा असेल तर पहाटे सुरू करा. दुपारी ४२ अंशांत ओतलेला स्लॅब तासाभरात वरून तडकतो. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस पाणी साठवून ठेवा. स्लॅबवर मातीचे वाफे करून भरलेलं पाणी दिसलं पाहिजे, पाइपनं सकाळ-संध्याकाळ शिंपडणं म्हणजे क्युअरिंग नव्हे. वडिलांना एकच काम सांगायचं असेल तर हे सांगा: रोज संध्याकाळी स्लॅबचा एक फोटो.

जुळे_सोलापूर

भिंतीसाठी फ्लाय अॅशच्या (वीजकेंद्रातल्या राखेच्या) विटा इथं सहज मिळतात, आहेरवाडीचं एनटीपीसीचं वीजकेंद्र जवळ आहे. भट्टीच्या लाल विटाही मिळतात, पण दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का बघा. काँक्रीट आणि वीटकामाच्या सांध्यावर गिलाव्याआधी ३०० मिमी रुंदीची कोंबडीजाळी मारा, नाहीतर तिथं सरळ रेषेत चीर येणारच.

पश्चिमेकडं झोपायची खोली ठेवू नका. जिना, न्हाणी, कोठीची खोली त्या बाजूला टाका, म्हणजे दुपारचं ऊन त्यांच्यावर अडतं. पश्चिमेची भिंत नऊ इंचीच, छज्जा दोन फूट. जुन्या माळवदाच्या घरात उन्हाळा सोसवायचा तो छपरावरच्या मातीच्या जाडीमुळं. आरसीसीला ती जाडी नाही, म्हणून गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरा चायना मोझॅक. उतार १०० ला १, म्हणजे ४ मीटरला ४ सेंटिमीटर. खालच्या मजल्याला शहाबादी घातली तर पायाला गार लागते आणि खर्चही कमी. आजकाल ती नको वाटते लोकांना, पण सोलापूरच्या उन्हाळ्याला तिच्याइतकं काही नाही.

आणि हौद मोठा करा. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. पाच माणसांना माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ६७५. आठ दिवसांचे ५,४००. पाहुणे, उशिराचा वार, सगळं धरून १०,००० लिटरचा हौद घ्या: २.५ बाय २ मीटर, पाणी २ मीटर खोल. हौद आरसीसीचाच, विटांचा काळ्या मातीत फुटतो. बोअर आणि नळ यांच्या लाइनी आणि वरच्या टाक्या वेगळ्या. एकत्र केल्या की गिझर आणि सोलर हीटरमध्ये क्षार साचतो.

छपराचं पाणी वाया घालवू नका. १०० चौरस मीटर गच्ची, वर्षाला ५५० मिमी पाऊस धरला आणि वीस टक्के गळती सोडली, तरी ४४,००० लिटर होतं. गाळणीतून बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडा.

वाळवंटातून

दिवाळीत दहा दिवस येतोय. त्या दहा दिवसांत काय उरकावं?

कडकभाकरी

मोजणीची तारीख आत्ताच मागा, म्हणजे ती तुमच्या सुट्टीत पडेल. लगतदारांशी तेव्हाच बोलणं होतं. मातीचे खड्डे पहिल्या दोन दिवसांत घ्या, कारण अहवालाला वेळ लागतो आणि पावसाळ्यानंतर ओल किती खोल गेली आहे तेही तेव्हाच दिसतं. शोध अहवाल तुम्ही येण्याआधीच हातात असू द्या. तो स्वच्छ असेल तर नोंदणीकृत साठेखत (खरेदीचा करार) करा, साध्या कागदावरची इसार पावती नको. गुत्तेदार त्या दहा दिवसांत ठरवू नका. तीन जणांची चालू कामं जाऊन बघा. पूर्ण झालेली घरं रंगानं झाकलेली असतात. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशीची साइट बघितली की माणूस कळतो.

काळीमाती

खड्डे घेताना वाळवीचीही पाहणी करा. विजापूर रोडच्या बाजूला ती आहे. जोत्याच्या भरावावर क्लोरपायरीफॉस २० ईसी, एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी, दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. फरशीचं काँक्रीट टाकायच्या आदल्या दिवशी. हे नंतर करायचं म्हटलं तर फरशीला भोकं पाडावी लागतात.

हिप्परगा

आणि तात्पुरतं वीज मीटर खरेदीखतानंतर लगेच तुमच्या नावानं घ्या, गुत्तेदाराच्या नावानं नाही. थकबाकी राहिली तर कायमची जोडणी त्याच पत्त्यावर अडते. फेरफाराचा अर्ज दस्ताच्या दिवशीच ऑनलाइन जातो, पण नोंद मंजूर झाली का ते पंधरा-वीस दिवसांनी तपासा. हरकत आली तर ती तुम्ही दुबईला परतल्यावर येईल, म्हणून मुखत्यारपत्रात 'फेरफाराच्या सुनावणीला हजर राहणे' हे शब्द आत्ताच घाला.

वाळवंटातून

घातले. मसुदा आज वकिलाकडं पाठवला आहे, मोजणीचा अर्ज विक्रेत्याच्या सहीनं उद्या भरतोय.